दोन गोळ्यांची पुडी

मंगळवारी कँटीनची खिडकी उघडते
तेव्हा मी तिच्या आतल्या बाजूला असतो,
म्हणजे आतल्याही आत.
काम चांगल्या वर्तणुकीबद्दल मिळालं:
याद्या वाचायच्या, पिशव्या भरायच्या,
तासाला चौदा सेंट.

शेवयांचं पाकीट सत्तर.
साबण एक डॉलर दहा.
आयबुप्रोफेन, दोन गोळ्यांची पुडी, पंचाहत्तर.
अ‍ॅसिडिटीचं संपलंय.
खोकल्याचं औषध यादीत आहे,
तीन वर्षं यादीतच आहे.

अल्सी फोंटेनो, बराक सहा, वरचा बंक,
उजवीकडची मागची दाढ.
गाल असा, की आत कुणी मूठ आवळून बसलंय.
खात्यात एकेचाळीस सेंट.
नर्सला दाखवायचं तर अर्ज गुलाबी कागदावर
आणि अर्जाचे चार डॉलर,
ते खात्यात नसले तर पुढे कधी पैसे येतील
त्यातून आधी वळते होतात.

थिबोडोबाई वाईट नाहीत.
विचारतात, एक ते दहा, दुखणं किती?
तो म्हणाला, चार डॉलरांचं तरी आहेच, मॅडम.
त्या हसल्या. त्यालाही हसू आलं,
मग त्याने गाल धरला.
त्यांनी कागदावर लिहिलं:
कँटीनमधून वेदनाशामक विकत घ्यावं.

तो कागद घेऊन तो माझ्या खिडकीशी आला.

उधारी आहे आमच्याकडे, नाही असं नाही.
आज एक पुडी घे, शुक्रवारी शेवयांची दोन पाकिटं दे.
पण अल्सी चौसष्ट वर्षांचा,
उधार घेणाऱ्यांची नाकं त्याने पाहिलीत.
शिवाय पान बावीस:
वेष्टनातली गोळी तुमची मालमत्ता,
वेष्टनाबाहेर सापडली की गुन्हा,
आणि दुसऱ्याला दिली तर दोघांचा.

रात्री तो ओरडत नाही.
पाणी तोंडात धरतो, कोमट झालं की थुंकतो,
पुन्हा धरतो.
खालच्या बंकवरचा क्लीओफस मोजत राहतो.
एकदा म्हणाला, दोनशे अकरा.
मी म्हटलं, काय?
म्हणाला, चुळा.

रविवारी आईचा फोन. श्रीव्हपोर्टहून.
तिचे गुडघे गेलेत, तिने मोठ्या दुकानातून
पाचशे गोळ्यांची बरणी आणलीय, नऊ डॉलरला.
पाठवू का थोड्या तुझ्या त्या म्हाताऱ्याला?
मी म्हटलं, आई, पाठवता येत नाही.
अगं, साध्याच तर आहेत, लहान पोरंसुद्धा घेतात.
आणि मला खरं वाटावं म्हणून
तिने बरणी फोनपाशी धरून हलवली.

खळ्ळ खळ्ळ खळ्ळ.
मग ती बाई मध्ये आली, रेकॉर्ड केलेली:
आपल्याकडे एक मिनिट उरलं आहे.

सोमवारी माल उतरवताना
एका खोक्याचा कोपरा फाटलेला होता.
उंदीर असतील. आमच्याकडे उंदीर आहेत.
मी नोंदवहीत लिहिलं:
खराब माल, पुडी, नग एक.
अक्षर चांगलं काढलं.

अल्सीने पुडी दातांनीच फाडली, चांगल्या बाजूच्या.
एक गोळी गिळली.
दुसरी अंगठ्याच्या नखाने मधोमध तोडायला गेला,
तिचे तीन तुकडे झाले.
एक क्लीओफसच्या पाठीला दिला,
म्हणजे क्लीओफसला.
बाकीचे मोज्यात.
मला काही बोलला नाही. झोपला.
त्या रात्री क्लीओफसने एकही चूळ मोजली नाही,
आणि सवयीने जागाच राहिला.

मंगळवारी सार्जंट प्रुइट वही तपासायला आला.
बोट ओळीवरून खाली, खाली, मग थांबलं.
उंदराने खाल्ली?
हो, सर.
एकच पुडी?
एकच, सर.
नेमकी दोन गोळ्यांची.
मी शेवयांच्या पाकिटांकडे बघत राहिलो,
सत्तर सेंट, सत्तर सेंट, सत्तर सेंट.

दाढ दुखत असेल त्याची, प्रुइट म्हणाला.
सही केली.
जाताना माझं पेन घेऊन गेला.